दार्युशची आई, दार्युशच्या लेकी

इ.स.पू. 331च्या अखेरीस सिकंदर सुसा शहरात शिरला. इराणच्या हखामनी सम्राटांची ही जुनी राजधानी त्याच्या हाती न लढता आली. त्याच सुमारास मॅसिडोनियाहून त्याच्यासाठी कापडाचे तागे आले आणि सोबत ते विणणाऱ्या बायकाही आल्या. सिकंदराने कापड आणि विणकरणी दोन्ही सिसिगांबिसकडे पाठवून दिल्या. निरोप असा, की कापड आवडलं तर नातींनाही हे काम शिकवावं. निरोप ऐकून म्हातारीच्या डोळ्यांत पाणी आलं. भेट तिने नाकारली.

सिसिगांबिस ही पराभूत सम्राट तिसऱ्या दार्युशची आई. दोन वर्षं ती सिकंदराच्या कैदेत होती आणि सिकंदर तिला ‘आई’ म्हणत असे. आपण काहीतरी भलतंच करून बसलो हे कळताच तो स्वतः तिच्याकडे गेला. माझ्या अंगावरचं हे वस्त्र माझ्या बहिणींनी विणलंय, आमच्याकडे यात कमीपणा मानत नाहीत, अशी त्याने समजूत घातली. तुमच्यात आईने बसायला सांगितल्याशिवाय मुलगा तिच्यासमोर बसत नाही हे कळल्यापासून मी कधी तुमच्यापुढे बसलेलो नाही, याचीही आठवण करून दिली.

ही हकिकत सांगतो कर्टियस हा रोमन लेखक. रोममध्ये घरच्या बाईने लोकर कातणं हे कुलीनपणाचं लक्षण समजत. त्यामुळे त्याच्या वाचकांना या प्रसंगाची मोठी गंमत वाटली असणार. इराणी बायकांना लोकरीच्या कामाइतकं लाजिरवाणं दुसरं काही वाटत नाही, एवढं सांगून कर्टियस पुढे जातो. असं का, हे तो सांगत नाही. त्याचं उत्तर विसाव्या शतकात मातीखालून वर आलं.

1933-34मध्ये पर्सेपोलिसच्या तटबंदीत शिकागो विद्यापीठाच्या ओरिएंटल इन्स्टिट्यूटच्या उत्खननात हजारो मातीच्या वड्या सापडल्या. अर्न्स्ट हर्झफेल्ड तेव्हा तिथे काम पाहत होता. वड्यांवरची भाषा एलामी आणि मजकूर अगदी रुक्ष: कोणाला किती धान्य दिलं, किती दारू, किती मेंढ्या, कोणाच्या हुकमाने. पहिल्या दार्युशच्या काळातली, साधारण इ.स.पू. 509 ते 493ची ही सरकारी कोठीची खाती आहेत. रिचर्ड हॅलक या अभ्यासकाने 1969 साली त्यातल्या 2,087 वड्यांचं वाचन छापलं, आणि इराणी राजस्त्रियांबद्दल ग्रीकांनी रचलेल्या कथांना पहिल्यांदाच हिशेबाच्या कागदांचा शेजार मिळाला.

त्यात इर्तश्दुना नावाची राजकन्या भेटते. ग्रीक इतिहासकार हिरोडोटस तिला आर्टिस्टोनी म्हणतो. ती साम्राज्याचा संस्थापक सायरस याची मुलगी आणि पहिल्या दार्युशची लाडकी राणी. तिला 100 मेंढ्या द्याव्यात असा राजाचा हुकूम एका वडीवर आहे, तर 200 मारिश दारू द्यावी असा दुसऱ्या वडीवर. मारिश म्हणजे सुमारे दहा लिटर. दोन हजार लिटर दारू कोणी एकटं पीत नाही. तिच्या घरी मोठी मेजवानी असावी आणि यजमानीण तीच असावी. दुसरी इर्दबामा. हिचं नाव एकाही ग्रीक लेखकाला ठाऊक नव्हतं, पण वड्यांत ती पुन्हा पुन्हा येते. तिची स्वतःची मुद्रा आहे, तिच्या जमिनी आहेत, तिच्या हाताखाली शेकड्यांनी मजूर आहेत, त्यांचा शिधा तिच्या मुद्रेवर सुटतो. मजुरांत बायका पुष्कळ. काही टोळ्यांवर मुकादमही बाईच, आणि तिचा शिधा इतरांपेक्षा जास्त. बाळंतिणीला वेगळा शिधा मिळे, मुलगा झाला तर मुलीच्या दुप्पट. यातल्या काही टोळ्या कापडाच्या कामावर होत्या असं अभ्यासक मानतात.

आता सुसातला तो प्रसंग पुन्हा पाहा. जिच्या घराण्यातल्या बायका मागांच्या मालकिणी, तिला सिकंदराने मागावर बसायला सांगितलं होतं. अपमान लोकरीचा नव्हता, दर्जाचा होता.

राजघराण्यातल्या बाईची मिळकत ही काही फक्त पहिल्या दार्युशच्या काळातली तऱ्हा नव्हती. शंभरेक वर्षांनी झेनोफॉन हा ग्रीक सैनिक सीरियातून जाताना राणी परिसातिसच्या गावांत मुक्काम करतो. ही गावं तिला कंबरपट्ट्याच्या खर्चासाठी दिली आहेत, असं तो नोंदवतो. इजिप्तमधल्या एका गावाचं उत्पन्न राणीच्या जोड्यांसाठी लावून दिलं होतं, असं हिरोडोटस सांगतो. ग्रीकांना यात पौर्वात्य चैन दिसली. मराठी वाचकाला मात्र ‘चोळीबांगडीसाठी गाव लावून दिलं’ या ओळखीच्या वहिवाटीची आठवण होईल, आणि चोळीबांगडी हे नुसतं निमित्त असतं, गाव खरं असतं, हेही त्याला सांगावं लागणार नाही. परिसातिसच्या जमिनींचा उल्लेख बाबिलोनियातल्या निप्पुरच्या मुराशू नावाच्या सावकारी पेढीच्या कागदांतही आहे.

दरबारातलं स्थानही तसंच. राजाच्या ताटाला दोनच बायका बसत, त्याची आई आणि त्याची राणी. ग्रीक चरित्रकार प्लुटार्कच्या म्हणण्याप्रमाणे आई राजाच्या वर बसे आणि राणी खाली. राजमाता ही पदवी पाटराणीहून मोठी होती, आणि सिसिगांबिस राजमाता होती.

ती सिकंदराच्या हाती लागली इ.स.पू. 333च्या नोव्हेंबरात, इससच्या लढाईत. आजच्या तुर्कस्तानातल्या इस्केंदेरुनजवळचं हे रणांगण. हखामनी राजे स्वारीवर निघाले की कुटुंबकबिला बरोबर असे. राजमातेचा आणि राणीचा स्वतंत्र रथ, मागे घोड्यांवर दासी, मुलांसाठी पंधरा झाकलेल्या गाड्या, त्यांचे शिक्षक, खोजे, असा तो लवाजमा कर्टियस रंगवून सांगतो. उपस्त्रियांची संख्या तो 365 देतो. वर्षाच्या दिवसांइतका नेमका आकडा दिसला की मला तरी संशय येतो. त्यापेक्षा सिकंदराचा सेनापती पार्मेनिओ याने दमास्कसमध्ये सापडलेल्या दार्युशच्या सामानाची जी यादी पाठवली, ती जास्त पटणारी आहे: गाणाऱ्या-वाजवणाऱ्या उपस्त्रिया 329, हार गुंफणारे 46, स्वयंपाकी 277, दारू गाळणारे 70, अत्तरं करणारे 14. दमास्कसला बायकाही सापडल्या, आणि त्यांत आधीचा सम्राट तिसरा अर्तक्षत्र याची विधवा आणि मुली होत्या. शिवाय बार्सिनी होती. ती अर्ताबाझसची मुलगी आणि ग्रीक सेनानी मेम्नॉनची विधवा. तिच्या वडिलांनी बंडानंतर मॅसिडोनियाच्या दरबारात आश्रय घेतला होता, तेव्हा तिला ग्रीक शिक्षण मिळालं होतं.

इससला दार्युश रथ, धनुष्य आणि झगा टाकून पळाला. ते सामान छावणीत आलेलं पाहून बायकांनी तो मेलाच असं समजून आकांत केला. सिकंदराने लिओनेटस या सरदाराला पाठवून तो जिवंत असल्याचं कळवलं. दुसऱ्या दिवशी तो हेफेस्टिऑन या जिवलग मित्राला घेऊन तंबूत गेला. हेफेस्टिऑन उंच, देखणा. सिसिगांबिसने त्यालाच सिकंदर समजून मुजरा केला. चूक कळल्यावर ती वरमली तेव्हा सिकंदर म्हणाला, काही हरकत नाही, हाही सिकंदरच आहे. दार्युशचा सहा वर्षांचा मुलगा ओखस सिकंदराने उचलून घेतला, आणि पोराने न बिचकता त्याच्या गळ्यात हात टाकले.

हा प्रसंग युरोपच्या चित्रकारांना दोन शतकं पुरला. वेरोनीजचं 1560च्या दशकातलं भव्य चित्र आज लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे, आणि त्यातला सिकंदर नेमका कोणता याबद्दल पाहणारे अजून वाद घालतात. चौदाव्या लुईसाठी ल ब्रूँनेही हाच विषय रंगवला. सगळीकडे मांडणी तीच: गुडघ्यांवर बायका, उभा उदार विजेता. स्वतः एरियन, जो सिकंदरावर लिहिणाऱ्या चार-पाच प्राचीन लेखकांत सर्वांत सावध, तो ही गोष्ट खरी आहे असं म्हणत नाही, खोटी आहे असंही म्हणत नाही, आणि पुढे सरकतो.

इथे एक गोष्ट मनात ठेवलेली बरी. डायोडोरस, कर्टियस, प्लुटार्क, एरियन हे सगळे या घटनांनंतर तीनशे ते साडेचारशे वर्षांनी लिहीत होते. त्यांच्यापुढे सिकंदराबरोबर गेलेल्यांचे जुने ग्रंथ होते, पण तेही विजेत्या बाजूचेच. सिसिगांबिसच्या तोंडचं एक वाक्यही इराणी लेखणीतून आपल्यापर्यंत आलेलं नाही. म्हणून सिकंदराच्या दिलदारपणाच्या गोष्टी वाचताना त्या दिलदारपणातून त्याला काय मिळत होतं, हे विचारत राहावं लागतं.

मिळत बरंच होतं. दार्युशने बायकामुलं परत मागितली, तेव्हा सिकंदराचं उत्तर असं होतं: मला आशियाचा स्वामी मानून माझ्यापुढे ये आणि माग, मिळतील. पुढे टायरला वेढा पडलेला असताना दार्युशने 10 हजार टॅलेंट खंडणी, युफ्रेटिसच्या पश्चिमेचा सारा मुलूख आणि मुलगी देऊ केली. मी सिकंदर असतो तर हे घेतलं असतं, असं पार्मेनिओ म्हणाला. मी पार्मेनिओ असतो तर मीही घेतलं असतं, असं सिकंदराने त्याला सुनावलं. हे उत्तर प्रसिद्ध आहे. त्यामागे दार्युशला धाडलेला जबाब कमी प्रसिद्ध, पण जास्त मोलाचा: तुझ्या मुलीशी लग्न करायचं मनात आलं तर मी करीन, त्यासाठी तू ती द्यायची गरज नाही. कन्यादानाचा हक्क बापाकडे उरलेला नाही, हे बापालाच कळवणं म्हणजे राज्य गेलं हे कळवणं. या बायका ओलीस नव्हत्या. ओलीस सोडवण्यासाठी असतात. सिकंदराला त्या ठेवायच्या होत्या. त्यांना राणीच्या पदव्या, दागदागिने, नोकरचाकर पूर्वीसारखे राहू देण्यात दया असेलही, पण ज्या घराण्याची गादी आपण घेणार त्या घराण्याची पत उतरू न देणं हा हिशेबही होता.

याच काळात दार्युशची राणी स्टाटेइरा मेली. इराणात तिच्याहून देखणी बाई नाही अशी तिची ख्याती होती. सिकंदराने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही, असं प्लुटार्क ठासून सांगतो. तोच प्लुटार्क ती बाळंतपणात गेली असं लिहितो, आणि तिचा मृत्यू इससनंतर जवळजवळ दोन वर्षांनी, गौगामेलाच्या लढाईच्या तोंडावर येतो. या दोन विधानांची बेरीज त्याने केलेली दिसत नाही. कर्टियस ती प्रवासाच्या शिणाने गेली म्हणतो. काही अभ्यासक मृत्यूची तारीख वर्षभर मागे नेतात, म्हणजे मूल दार्युशचं ठरतं. तारीख तरी चुकीची आहे, नाहीतर तो संयम तरी. पुढची कथा अशी, की एक खोजा छावणीतून निसटला आणि त्याने दार्युशला राणीच्या शाही अंत्यविधीची बातमी सांगितली. मग दार्युशने आकाशाकडे हात करून प्रार्थना केली, की माझं राज्य जायचंच असेल तर ते सिकंदराशिवाय कोणाला मिळू नये. हरणाऱ्या राजाने जिंकणाऱ्याच्या नावाने केलेली ही प्रार्थना जिंकणाऱ्याच्या इतिहासकारांना किती सोयीची होती, हे वेगळं सांगायला नको.

1 ऑक्टोबर 331, गौगामेला. लढाईच्या धुमाळीत इराणी घोडेस्वार मॅसिडोनियन छावणीपर्यंत घुसले आणि कैदी मोकळे होऊ लागले. अनेक बायका पळाल्या. सिसिगांबिस जागची हलली नाही, चेहऱ्यावर काही दाखवलं नाही. डायोडोरसला यात सिकंदराबद्दलची कृतज्ञता दिसली. मला त्यात एका अनुभवी बाईचा अंदाज दिसतो. तिसऱ्या अर्तक्षत्राने गादीवर आल्यावर तिच्या बापाला आणि 80 भावांना एकाच दिवशी मारलं होतं, असं कर्टियसच सांगतो. आकडा फुगवलेला असेल, पण हखामनी घराण्यात गादीबदल कसा होतो ते तिला दुसऱ्या कोणी शिकवायची गरज नव्हती. लढाईचा निकाल लागायच्या आत कोणाच्या घोड्यावर बसायचं, हा निर्णय तिने घेतला नाही. हेच शहाणपण होतं.

सिकंदराने तिला, नातींना आणि नातवाला सुसाच्या राजवाड्यात ठेवलं आणि त्यांना ग्रीक शिकवायला पंतोजी नेमले. सहा-सात वर्षांनी लागणाऱ्या लग्नांची ती तयारी होती.

तिचं वजन किती होतं ते उक्सियन प्रकरणात कळतं. सुसाहून पर्सेपोलिसकडे जाताना डोंगरातल्या उक्सियन लोकांनी वाट अडवली. त्यांचा मुख्य मेडाटेस हा सिसिगांबिसच्या बहिणीचा जावई. शिकस्त झाल्यावर त्यांनी गुपचूप तिच्याकडे माणसं धाडली. आधी ती तयार होईना: मी आता राणीपेक्षा कैदीच जास्त, लाडाचा गैरफायदा घेऊ नये. मग तिने पत्र लिहिलं. सिकंदराने मेडाटेसला तर सोडलंच, पण साऱ्या जमातीला जमिनीसकट माफी दिली. एरियनने इथे सिकंदराचा सेनापती टॉलेमी याचा हवाला देऊन सालीना कर नोंदवला आहे: 100 घोडे, 500 ओझ्याची जनावरं, 30 हजार मेंढ्या. डोंगराळ जमातीकडे पैसा नव्हता, म्हणून कर जनावरांत. एका कैदी म्हातारीच्या पत्राने हा तह ठरला.

330च्या उन्हाळ्यात दार्युशला त्याच्याच सरदारांनी भोसकलं. सिकंदराने त्याचं प्रेत सन्मानाने परत पाठवलं, प्लुटार्कच्या मते त्याच्या आईकडे. त्याच वर्षी पार्थियात एका मेजवानीत कैदी बायकांना गायला बसवलं होतं. त्यातली एक मान खाली घालून गप्प उभी राहिली. चौकशी केली तेव्हा ती तिसऱ्या अर्तक्षत्राची नात निघाली. सिकंदराने तिला सोडलं, तिच्या नवऱ्याचा शोध घ्यायला लावला आणि दुसऱ्या दिवशी सगळे कैदी समोर उभे करून कोण खानदानी, कोण सामान्य याची छाननी केली. त्यात दार्युशचा भाऊ ऑक्स्याथ्रिस सापडला, आणि तो थेट सिकंदराच्या सरदारांत जाऊन बसला. मेजवानीत एक बाई गायली नाही म्हणून हे सगळं बाहेर आलं.

मधली वर्षं सिकंदर पूर्वेकडे होता. 327मध्ये त्याने बॅक्ट्रियाकडच्या ऑक्सिआर्टेस या सरदाराच्या मुलीशी, रोक्सानाशी लग्न केलं. लोककथांनी तिला इराणची राजकन्या करून टाकलं, पण हखामनी घराण्याशी तिचा संबंध नव्हता. डोंगरी किल्ल्यांचा मुलूख शांत करण्यासाठी ती सोयरीक होती. बार्सिनीपासून त्याला हेराक्लीज नावाचा मुलगा झाला, पण तिच्याशी त्याने लग्न केलं नाही. भारतातून परतल्यावर पर्सिसमध्ये त्याने एक जुनी चाल पाळली. राजा या मुलखात आला की प्रत्येक बाईला एक सोन्याचं नाणं द्यायचं. मूळ गोष्ट सायरसच्या काळची. मीडियनांपुढे पाठ दाखवून धावत आलेल्या इराणी पुरुषांना बायकांनी शहराच्या वेशीवर अडवून हिणवलं, आणि ते लाजून मागे फिरले व जिंकले. तिसरा अर्तक्षत्र नाणी वाचवण्यासाठी या भागात येतच नसे, असं प्लुटार्क सांगतो. सिकंदराने नाणी वाटली.

मग 324, सुसा. मांडवात खुर्च्या ओळीने मांडल्या, नवरे बसले, मद्याचे पेले उचलल्यावर नवऱ्या आत आल्या आणि आपापल्या नवऱ्याशेजारी बसल्या. इराणी पद्धत. सिकंदराचा दरबारी कॅरिस 92 शयनमंदिरं आणि पाच दिवसांचा सोहळा सांगतो, एरियन सुमारे 80 सरदारांची लग्नं. सिकंदराने दार्युशची थोरली मुलगी घेतली. तिचंही नाव स्टाटेइरा. धाकटी द्रिपेतिस हेफेस्टिऑनला दिली, आमची मुलं मावसभावंडं व्हावीत म्हणून. आणि सिकंदराने त्याच दिवशी आणखी एक लग्न केलं, ते तिसऱ्या अर्तक्षत्राची धाकटी मुलगी परिसातिस (गावांच्या मालकीण राणीहून ही वेगळी) हिच्याशी.

ही दुसरी सोयरीक बहुतेक वर्णनांत एका ओळीत उरकली जाते, आणि नेमकी तीच महत्त्वाची. दार्युश तिसरा गादीचा सरळ वारस नव्हता. बगोआस या खोज्याने आधी तिसऱ्या अर्तक्षत्राला विष घालून संपवलं, मग त्याच्या मुलाला, आणि 336मध्ये बाजूच्या शाखेतल्या दार्युशला गादीवर बसवलं. थोरल्या शाखेच्या पाठीराख्यांना दार्युशच्या मुलीने समाधान वाटलं नसतं. दोन्ही शाखांच्या मुली एका मांडवात घेऊन सिकंदराने वारसाहक्काचं भांडण आपल्या शयनगृहात मिटवलं. तलवारीने मिळालेल्या राज्याची सनद त्याने अशी करून घेतली.

वर्ष उलटायच्या आत हेफेस्टिऑन गेला. जून 323मध्ये बाबिलोनमध्ये सिकंदर गेला. सुसात बातमी पोहोचली तेव्हा सिसिगांबिसजवळ विधवा झालेली द्रिपेतिस होती. आता या मुलींना कोण पाहील, दुसरा सिकंदर कुठून आणायचा, असा तिचा शोक कर्टियस सांगतो. तिने अन्नपाणी आणि उजेड वर्ज्य केला आणि पाचव्या दिवशी प्राण सोडला. पोटच्या मुलानंतर जगलेली बाई शत्रूच्या मागे प्रायोपवेशन करते, यात कर्टियसला सिकंदराची थोरवी दिसली. पण त्याने तिच्याच तोंडी घातलेली चिंता वाचा. ती नातींबद्दल आहे. तिला भविष्य दिसत होतं.

आणि ते लगेच खरं झालं. रोक्साना गरोदर होती. तिने खोटं पत्र पाठवून स्टाटेइराला बोलावून घेतलं, तिला आणि तिच्या बहिणीला मारून प्रेतं विहिरीत टाकली आणि विहीर बुजवली. प्लुटार्क याला सवतीमत्सर म्हणतो. पण त्याच वाक्यात पर्डिकासची साथ होती असंही म्हणतो, आणि पर्डिकास तेव्हा साम्राज्याचा कारभारी होता. कारभाऱ्याला मत्सर कशाचा? दार्युशच्या मुलीपोटी सिकंदराचं मूल निघालं असतं, तर रोक्सानाच्या मुलासमोर इराणी सरदारांना दुसरा झेंडा मिळाला असता. परिसातिसचं नाव यानंतर कुठेच येत नाही.

मारेकरीण तरी कुठे वाचली? रोक्साना आणि तिचा मुलगा चौथा अलेक्झांडर यांना मॅसिडोनियाचा सत्ताधीश कॅसँडर याने अँफिपोलिसमध्ये कैदेत ठेवलं आणि 310च्या आसपास गुपचूप संपवलं. बार्सिनीच्या हेराक्लीजचा हक्क सिकंदराच्या मृत्यूनंतरच्या बाबिलोनच्या सभेत निआर्कस या सरदाराने मांडून पाहिला होता. सुसाच्या लग्नात निआर्कसला तिचीच मुलगी मिळाली होती, त्यामुळे तो जावई म्हणून बोलला, पण कोणी ऐकलं नाही. 309मध्ये हेराक्लीज मारला गेला आणि बार्सिनीही.

मॅसिडोनियन सरदारांनी इराणी बायका सिकंदराच्या मागे टाकून दिल्या, असं सर्रास लिहिलं जातं. टाकल्याचा स्पष्ट पुरावा खरं तर क्रॅटेरस या एकट्या सेनापतीचा आहे. बाकीच्यांबद्दल ग्रंथ गप्प आहेत, आणि त्या गप्पपणाचा अर्थ लोकांनी लावून टाकलाय. गंमत अशी, की टाकलेली ती बायकोच सगळ्यांत पुढे गेली.

तिचं नाव अमास्त्रिस, दार्युशच्या त्याच भावाची, ऑक्स्याथ्रिसची मुलगी. क्रॅटेरसला मॅसिडोनियाचा कारभारी अँटिपॅटर याची मुलगी करायची होती, तेव्हा अमास्त्रिसने काळ्या समुद्रावरच्या हेराक्लिया शहराचा सत्ताधीश डायोनिसियस याच्याशी लग्न केलं. ती हुंड्यात पैसा घेऊन आली आणि नाव घेऊन आली, दोन्ही शहराच्या कामी आली. एका मुलाचं नाव तिने बापावरून ऑक्स्याथ्रिस ठेवलं. नवरा मेल्यावर मुलांच्या नावाने तिनेच कारभार केला. मग लिसिमाकस राजाशी लग्न, आणि त्याने टॉलेमीच्या मुलीकडे मोर्चा वळवल्यावर परत हेराक्लिया. चार जुन्या वस्त्या एकत्र करून तिने समुद्रकाठी आपल्या नावाचं शहर वसवलं. तुर्कस्तानातलं आजचं अमास्रा ते हेच. तिथे तिने ‘राणी अमास्त्रिस’ अशी अक्षरं असलेली चांदीची नाणी पाडली. स्वतःच्या नावाने नाणी पाडणाऱ्या पहिल्या काही स्त्रियांत तिची गणना होते. इ.स.पू. 284च्या सुमारास पोटच्या मुलांनी तिला समुद्रात बुडवून मारलं, आणि लिसिमाकसने त्या मुलांना ठार केलं. राजकारण आजीच्या घराण्यासारखंच राहिलं, पण मधली वीसेक वर्षं ती स्वतःच्या नावावर जगली.

दुसरी अपामा. ही राजघराण्यातली नव्हे. तिचा बाप स्पितामेनेस सिकंदराला मध्य आशियात जेरीस आणणारा बंडखोर, ज्याचं शीर 328मध्ये सिकंदराकडे पोहोचवलं गेलं. सुसात तिला सिकंदराचा सेनापती सेल्युकस याने वरलं आणि टाकलं नाही. तिचा मुलगा पहिला अँटिओकस हा सेल्युकसचा वारस झाला, आणि अडीच शतकं सीरियापासून इराणपर्यंत कमीअधिक मुलखावर राज्य करणारं घराणं तिच्या पोटचं. सीरियातलं अपामिया तिच्या नावाचं. मिलेटसच्या नागरिकांनी तिच्या उपकारांबद्दल केलेला ठराव दगडावर कोरलेला सापडला आहे. म्हणजे सिकंदराने मांडवात जो बेत केला होता, तो तडीस नेला सेल्युकसने, आणि तोही दार्युशच्या लेकीशिवाय.

इराणने हे सगळं कसं लक्षात ठेवलं? झोराष्ट्री परंपरेत सिकंदर हा शापित, धर्मग्रंथ जाळणारा. जी पहलवी पुस्तकं मुंबई-नवसारीच्या पारशी दस्तुरांनी जपली, त्यांत तो तसाच येतो. फिरदौसीच्या शाहनाम्यात मात्र त्याचं पुरतं रूपांतर झालंय. तिथे इस्कंदर हा इराणच्या शहा दाराबचाच मुलगा आहे, रूमी राजकन्येच्या पोटचा, म्हणजे दाराचा सावत्र भाऊ. विहीर नाही, सुसा नाही, सिसिगांबिस नाही. दार्युशच्या दोन लेकी, परिसातिस आणि बॅक्ट्रियाची रोक्साना या साऱ्या मिळून एकच रोशनक झाली आहे, दाराची मुलगी. जखमी दारा इस्कंदरच्या मांडीवर डोकं ठेवून शेवटची इच्छा सांगतो: माझी मुलगी तू कर. टायरच्या वेढ्यात सिकंदराने बापाचा जो हक्क धुडकावला होता, तो फिरदौसीने सुमारे तेराशे वर्षांनी बापाला परत देऊन टाकला.